चार दिवस घरी, एक दिवस वर्गात: अमेरिकेतल्या ख्रिस्ती क्लासिकल को-ऑपची रचना
(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अमेरिकेतल्या एखाद्या चर्चच्या खोल्या आठवड्यातून एक दिवस, समजा मंगळवारी, सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत गजबजलेल्या असतात. तेरा ते अठरा वयाची दहा-बारा मुलं एका टेबलाभोवती बसलेली, समोर एक ट्यूटर. बऱ्याचदा त्यांच्यातल्याच कोणाची तरी आई. सहा तासांत सहा विषय होतात: लॅटिन, तर्कशास्त्र, निबंध, गणित, विज्ञान, वादविवाद. उरलेले चार दिवस मुलं घरी शिकतात. हा झाला क्लासिकल ख्रिस्ती होमस्कूल को-ऑप, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांनी मिळून चालवलेला वर्ग. नॉर्थ कॅरोलिनात १९९७ साली सुरू झालेली ‘क्लासिकल कॉन्व्हर्सेशन्स’ ही संस्था या क्षेत्रात मोठी. पण पाच-सात कुटुंबांनी एकत्र येऊन स्वतःचे चालवलेले वर्गही पुष्कळ आहेत. लहान मुलांचे वर्ग गाणी आणि पाठांतरावर निभावून जातात. कस लागतो तो किशोरवयीन वर्गांत, म्हणून आज त्यांच्याबद्दलच बोलू.

मागचा विचार थोडक्यात सांगतो. डोरोथी सेयर्स या इंग्रज लेखिकेने १९४७ साली ऑक्सफर्डमध्ये एक भाषण केलं. मध्ययुगातलं व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व हे त्रिकूट मुलाच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी जुळतं, असं त्यांनी मांडलं. लहानपणी पाठांतर आवडतं, बारा-तेराव्या वर्षी उलट बोलायला आवडतं, पुढे स्वतःचं काही म्हणावंसं वाटतं. मांडणी चटकदार आहे आणि घराघरातल्या अनुभवाशी जुळते. पण ती मध्ययुगातली नाही, सेयर्सबाईंची आहे. मध्ययुगात हे तीन विषय होते, वयाचे टप्पे नव्हते. शिकवण्याचा आपला अनुभव तुटपुंजा आहे, हे बाईंनी त्याच भाषणात मान्य केलं होतं. हे लक्षात असलं की ‘चौदा पूर्ण झाली, आता पाठांतर बंद’ असला वेडेपणा होत नाही. चौदाव्या वर्षी लॅटिन सुरू करणारा मुलगा लॅटिनपुरता बालवर्गातच असतो.

आपल्याला हा क्रम अगदीच परका नाही. जेझुइटांनी, म्हणजे कॅथलिकांच्या येशूसंघाने, १५९९ साली आपल्या शाळांची नियमावली पक्की केली, तिच्यात व्याकरण, मग साहित्य, मग वक्तृत्व अशाच इयत्ता होत्या. त्याच संघाचा थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढे त्याने मराठीत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. ते १६१६ साली गोव्यातल्याच राशोलला छापलं गेलं.

आता मुख्य मुद्दा. को-ऑपचा दिवस शिकवण्याचा नसतो, तपासण्याचा असतो. बाकीची सगळी रचना यावरून ठरते. तीस आठवड्यांचं वर्ष धरा, पंधरा-पंधराची दोन सत्रं. एका विषयाला आठवड्याला एक तास म्हणजे वर्षाला तीस तास. तीस तासांत कोणी लॅटिन शिकवू शकत नाही. घरी काय झालं, कुठे अडलं, काय चुकीचं पाठ झालं, एवढंच त्या तासात बघता येतं. ट्यूटरने फळ्याकडे वळून नवा धडा समजावायला घेतला, की घरी न केलेल्या मुलाला वाटतं, चला, आपलं भागलं. दुसऱ्या आठवड्यात तसं वाटणारी तीन मुलं होतात, आणि दिवाळीच्या सुमाराला, म्हणजे तिकडच्या थँक्सगिव्हिंगच्या आधी, वर्गात फक्त ट्यूटरच अभ्यास करून येत असते. यावर उपाय साधा पण कडक आहे: तासाची पहिली दहा मिनिटं, पुस्तक मिटून, कागदावर. पाच रूपं, दोन वाक्यं. गुण घरी कळवायचे, वर्गात वाचून दाखवायचे नाहीत.

वर्गसंख्येचं गणितही इथूनच येतं. एका तासात प्रत्येकाला निदान दोनदा बोलतं करायचं तर बाराच्या वर जाता येत नाही. पाचच्या खाली गेलं तर वादविवादाला बाजू पुरत नाहीत आणि दोघं आजारी पडले की वर्गच उरत नाही. आठ ते दहा उत्तम.

लॅटिनवर जरा थांबतो, कारण मुलं गळतात ती बहुधा इथे. पहिल्या गटातलं ‘तेर्रा’, म्हणजे जमीन, हे नाम घ्या. ‘तेर्राय’ हे एकच रूप षष्ठीचं एकवचन आहे, चतुर्थीचं एकवचन आहे आणि प्रथमेचं अनेकवचनही आहे. रूपं तालावर घोकलेला मुलगा तक्ता धडाधड म्हणून दाखवतो आणि वाक्यात ‘तेर्राय’ दिसलं की गोंधळतो. ‘रामः रामौ रामाः’ घोकून संस्कृतच्या पेपरात अडखळलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून घोकंपट्टीच्या जोडीला रोज पाच वाक्यांचं व्याकरण चालवायला हवं: प्रत्येक नामाखाली विभक्ती, वचन आणि वाक्यातलं काम लिहायचं, क्रियापदाखाली पुरुष, वचन, काळ, आणि भाषांतर सगळ्यात शेवटी. इंग्रजी बोलणारी मुलं पहिला शब्द दिसला की त्याला कर्ता ठरवतात आणि तिथून पुढे सगळं घसरतं. अमेरिकेत वाढलेल्या पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इथे आयता फायदा आहे. ‘नाउता पुएल्लाय रोसाम दात’ याचं शब्दाला शब्द ठेवून ‘नाविक मुलीला गुलाब देतो’ होतं. क्रम तोच, क्रियापद शेवटी, चतुर्थीचा प्रत्यय नामालाच चिकटलेला. त्याच्या आईवडिलांनी हे एकदा दाखवून द्यावं.

उच्चाराचा वाद वर्षाच्या आधीच मिटवा. प्राचीन रोमन पद्धतीने ‘किकेरो’, चर्चच्या पद्धतीने ‘चिचेरो’. लॅटिन स्तोत्रं गायची असतील तर चर्चची पद्धत सोयीची. दोन्ही चालतील असं म्हटलं, की मुलं ऐकून लिहिताना चुकतात आणि पालक एकमेकांना सुधारत बसतात.

तर्कशास्त्रात पहिलं वर्ष तर्कदोषांचं ठेवण्याची पद्धत आहे. मुलांना ते आवडतं, आणि महिनाभर घरात जेवताना प्रत्येक वाक्याला ‘बाबा, हा व्यक्तिदोष’, म्हणजे मुद्दा सोडून माणसावर टीका, असं ऐकावं लागतं. ते चालू द्यावं. खरी मेहनत संविधानाची, म्हणजे दोन आधारविधानं आणि एक निष्कर्ष यांची. आकार (पदांची मांडणी) आणि प्रकार (विधानं कोणत्या जातीची) मिळून २५६ रूपं होतात, त्यांतली पारंपरिक हिशेबाने २४ युक्त, म्हणजे निष्कर्ष खरोखर निघतो अशी, आणि आधुनिक हिशेबाने १५. ही यादी पाठ करून घेऊ नका, नियम लावून बाद करायला शिकवा. सगळ्यात जास्त चुकतं ते अव्याप्त मध्यपद, म्हणजे दोन्ही आधारविधानांना जोडणारं पद एकाही विधानात संपूर्ण न घेतलेलं. ‘सगळे ख्रिस्ती प्रार्थना करतात, तो प्रार्थना करतो, म्हणून तो ख्रिस्ती आहे.’ चर्चच्या खोलीत बसलेल्या मुलांना निष्कर्ष आपलासा वाटतो म्हणून दोष दिसत नाही. नेमकं म्हणूनच हे उदाहरण घ्यावं. आपल्या बाजूचा लंगडा युक्तिवाद ओळखता आला, की तर्कशास्त्र अंगी लागायला लागलं असं धरावं. काही पालकांना हे खटकतं, तेव्हा प्रवेशाच्या वेळीच सांगून ठेवलेलं बरं.

निबंधाची सुरुवात ‘करायला हवं होतं का?’ अशा प्रश्नाने होते. ब्रूटसने सीझरच्या खुनात सामील व्हायला हवं होतं का? कागदावर तीन रकाने पाडायचे: होकाराची कारणं, नकाराची कारणं, आणि नुसत्या पडलेल्या शंका. प्रत्येक रकान्यात निदान दहा नोंदी. ज्याला ब्रूटस आवडतो त्याचा पहिला रकाना पाच मिनिटांत भरतो आणि दुसऱ्यात दोनच ओळी असतात. त्याला पुढे जाऊ द्यायचं नाही. त्यानंतर व्याख्या, तुलना, परिस्थिती, कार्यकारण आणि साक्ष या पाच अंगांनी प्रश्न विचारून नोंदी वाढवायच्या, मग तीन सबळ कारणं निवडायची, मग आराखडा. पहिल्या सत्रातले निबंध रुक्ष होतात, तीन कारणांचे तीन ठोकळे. पालक घाबरतात आणि शैली सुधारायला घेतात. घाई करू नये. शैलीचं काम दुसऱ्या सत्रात, एका निबंधाला एकच अलंकार.

अभिरूप न्यायालयाबद्दल, म्हणजे मुलांनी चालवायच्या लुटुपुटूच्या खटल्याबद्दल, एकच सूचना. साक्षीपत्रं, म्हणजे साक्षीदारांच्या लेखी जबान्या, आठ आठवडे आधी द्या, प्रत्येक मुलाला दोन्ही बाजू तयार करायला लावा, आणि कोणती बाजू मिळणार हे शेवटच्या आठवड्यात चिठ्ठी टाकून ठरवा. साक्षीपत्रात नसलेली गोष्ट साक्षीदाराने रचायची नाही, हा नियम सैल सोडला की खटल्याचं नाटक होतं.

आता कागदपत्रं. अमेरिकेत होमस्कूलिंग पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण नियम राज्यागणिक वेगळे. टेक्ससमध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या निकालाने घरची शाळा खासगी शाळेत मोडते आणि राज्याकडे नोंदणी लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये वर्षाची योजना आणि दर तिमाहीला अहवाल द्यावा लागतो. पेनसिल्व्हेनियात मुलाच्या कामाची फाइल ठेवून मूल्यमापकाला दाखवावी लागते. कुठेही असलात तरी कायद्याने उत्तरदायी पालकच, को-ऑप नाही. पालकांच्या लेखी करारात हे पहिलं वाक्य असावं. दुसरं वाक्य श्रद्धेबद्दल: बहुतेक ख्रिस्ती पंथांना मान्य असलेला निव्वळ नायसीन मतांगीकार (श्रद्धेचं सूत्र) पुरे, की एका पंथाचं विस्तृत निवेदन हवं? आणि विज्ञानात पृथ्वीचं वय कसं शिकवणार? हे आधी न ठरवता कॅथलिक, बाप्टिस्ट आणि प्रेस्बिटेरियन कुटुंबं एकत्र आली, तर पहिलं भांडण जीवशास्त्राच्या तासाला होतं.

ट्यूटरला मानधन देत असाल तर वेळ, जागा, पुस्तक सगळं को-ऑपच ठरवतो का, हे तपासा. तसं असेल तर करखातं तिला स्वतंत्र व्यावसायिक न मानता कर्मचारी मानू शकतं, आणि मग पगारावरच्या करांचा हिशेब गळ्यात पडतो. जागेचा विमा, पार्श्वभूमी तपासणी आणि मुलांबरोबर एकटी प्रौढ व्यक्ती कधीही नसणं, याबाबत कुठलीही सवलत नको.

शेवटी क्रेडिट, म्हणजे विषय पूर्ण केल्याचं गुणपत्रकावर मांडलं जाणारं श्रेय. हायस्कूलच्या एका क्रेडिटला साधारण १२० तास धरतात. वर्गाचे तीस झाले, उरले नव्वद, म्हणजे तीस आठवड्यांत दर आठवड्याला घरी तीन तास. लॅटिन आणि गणिताला एवढ्याने भागत नाही, पाच तास धरा. प्रयोगशाळेसह विज्ञानाचं क्रेडिट लावायचं असेल तर वर्गाचा तास प्रयोगांना द्या, सिद्धान्त पूर्ण घरी. गुणपत्रक पालक तयार करतात, ट्यूटर फक्त गुण सुचवते. तासांची नोंद त्या त्या आठवड्यातच ठेवा. तीन वर्षांनी बसून भरलेली वही लगेच ओळखू येते. बऱ्याच विद्यापीठांना शिफारसपत्र मात्र घराबाहेरच्या शिक्षकाचं लागतं, आईचं चालत नाही, आणि अशा मुलाला ट्यूटरखेरीज दुसरा शिक्षक बहुधा नसतो. तेव्हा ट्यूटरने दर महिन्याला प्रत्येक मुलाबद्दल दोन ओळी लिहून ठेवाव्यात: कोणत्या प्रश्नावर काय म्हणाला, कुठे मत बदललं. आणि ट्यूटर स्वतःच त्या मुलाची आई असेल, तर त्याच्यासाठी निदान एक विषय दुसऱ्या कोणाकडे असला पाहिजे, हे अकरावी सुरू होण्याआधी ठरवून टाकावं.