कुसळ

[अंधार. प्रकाशाची एक उभी फट सरकत सरकत डोळ्यावर येते.]

हा स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळे तपासायच्या दिव्याचा उजेड. त्याच्या समोर आहे पारपटल, बुबुळावरचा पारदर्शक पडदा. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. काचेसारखा स्वच्छ असायला हवा, पण इथे राखाडी-पांढरा डाग पडलाय. डागाच्या कडा बघा, पिसासारख्या विस्कटलेल्या. बाजूला सुटे पडलेले दोन बारके ठिपके. आणि तळाशी साचलेला पू, वरून अगदी आडवी रेघ मारल्यासारखा.

अशा कडा दिसल्या की अनुभवी डॉक्टरांना बुरशीचा वास येतो. पण तो संशयच. जिवाणूंची जखमही कधी कधी हेच सोंग आणते.

[मळणी. उन्हात उडणारा भुसा.]

म्हणीतलं कुसळ क्षुल्लक असतं, डोळ्यात गेलेलं नसतं. १८७९ साली थिओडोर लेबर या जर्मन नेत्रतज्ज्ञाने एका शेतकऱ्याच्या पारपटलात अ‍ॅस्परजिलस ही बुरशी दाखवून दिली. मळणी करताना त्याच्या डोळ्यात ओटचं फोलपट उडालं होतं. पान, काडी, माती, आज कॉन्टॅक्ट लेन्सही. ओरखडा पडला की बुरशीला दार उघडं.

[सूक्ष्मदर्शक. काचपट्टीवर एक थेंब.]

आता हे नीट बघा, कारण सगळा खेळ इथे आहे. डोळा थेंबांनी बधिर केलाय. पात्याने जखमेचा तळ आणि कडा खरवडून कणभर नमुना घेतला. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड. पेशी विरघळत जातात, बुरशीचे तंतू मात्र टिकतात. हे पाहा, फांद्या फुटलेले, मध्ये आडवे पडदे असलेले. काही मिनिटांचं काम, साधं रसायन. तरीही कितीतरी रुग्णांची ही तपासणी होते ती तीन-चार प्रकारचे थेंब घालून झाल्यावर! त्यात स्टेरॉइड असेल तर लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशीला रान मोकळं मिळतं.

उरलेला नमुना या बशीत, अर्धगोल रेघांनी. बुरशी रेघेवरच उगवली तर ती डोळ्यातली. रेघ सोडून उगवली तर बहुधा हवेतली. बहुतेकदा दोन-तीन दिवसांत कापूस फुटू लागतो. ही पांढरी बुरशी, फ्युझेरियम.

[बाटली हलवणारा हात.]

औषध नॅटामायसिन, ५ टक्के. मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालेलं. मातीतल्या बुरशीवर मातीचाच उतारा. तळाशी बसतं, म्हणून हलवायचं. जागेपणी दर तासाला एक थेंब. भारतात झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ३२३ रुग्णांपैकी निम्म्यांना हे दिलं, निम्म्यांना व्होरिकोनॅझोल. नव्या औषधापेक्षा हे जुनंच सरस ठरलं, फ्युझेरियममध्ये तर ठळकपणे. पण ते खोलवर झिरपत नाही. म्हणून जखमेचा वरचा थर अधूनमधून खरवडावा लागतो.

[निळा उजेड. जखम हिरवी चमकते.]

फ्लोरेसिन हा रंग घातला की उघडी जखम अशी उजळते. तिची लांबी आणि तिला काटकोनात रुंदी मोजायची. डागाची वेगळी मोजायची. पुवाची उंची मिलिमीटरमध्ये. मग फोटो, त्याच कोनातून, त्याच उजेडात. ‘कालच्यापेक्षा बरं वाटतंय’ या शब्दांवर इथे कुणी विसंबत नाही. पिसासारख्या कडा बोथट झाल्या, बाजूचे ठिपके विरले, तर औषध लागू पडतंय. फसगतही होते. औषधाचा पांढरा साका जखमेवर बसतो आणि डागच वाढल्यासारखा दिसतो. उलट कधी वरची त्वचा भरून येते आणि खाली बुरशी पसरतच असते. तिथे हा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक कामाला येतो. न खरवडता, जिवंत डोळ्यातले तंतू थराथराने दाखवतो.

हे सगळं आठवडे चालतं. काहींच्या डोळ्यात फूल राहतं, काहींचं पारपटल फुटतं, काहींचा डोळा जातो.

[झाकलेला डोळा. नंतर लहान बाटलीत गोल चकती.]

औषध हरलं तर पारपटल बदलतात. काढलेली ही चकती फेकत नाहीत. ती पुन्हा त्याच प्रयोगशाळेत जाते, तिच्या कडेला तंतू उरलेत का ते बघायला. आणि नव्या पारपटलावरही बुरशीविरोधी थेंब सुरूच राहतात.