बांगड्याचं जपानी भावंड

नमस्कार मंडळी. बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, मासेमारी बंदी 31 जुलैपर्यंत आहे, बाजारात बर्फातलं विसवण दिसलं तरी भाव ऐकून पिशवी रिकामी परत येते, आणि अशा दिवसांत मी तुम्हाला माशाचीच गोष्ट सांगायला बसलोय, राग मानू नका.

गेल्या रविवारी आम्ही गोव्यातल्या आसगावला एका महागड्या सुशी रेस्टॉरंटात जेवून आलो. भाचीचा पहिला पगार झाला म्हणून तिची पार्टी. चौघांचं बिल 11,700 झालं, ते तिनं दिलं, पण सगळ्यात जास्त जेवली ती माझी आई, वय 76, माहेर पेडण्याचं, आणि गाडीत बसतानाच तिनं बजावलं होतं की कच्चा मासा मी तोंडाला लावणार नाही, मला आपला नुसता भात द्या.

तिथं आम्हाला काऊंटरवर बसवलं, समोरच शेफ, मणिपूरचा तरणा मुलगा. मेन्यू नाहीच, ओमाकासे म्हणतात त्याला, म्हणजे तुमच्यावर सोपवलं, तुम्ही द्याल ते खाऊ. तो ओल्या हातात भाताचा लहानसा गोळा घ्यायचा, दोन-तीनदा हलकेच दाबायचा, वर माशाची चकती, की झाली निगिरी. पहिली माझ्यापुढे ठेवली. आता आपल्याकडे सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही, म्हणून मी थांबलो, आणि तो पोरगा कासावीस, "सर, आत्ता खा, भात गार होतोय." भात अंगाइतका कोमट असतो, मासा थंड, आणि ते दोन्ही एकत्र तोंडात जायला हवं. मी खाल्ली. इतका साधा घास इतका विचार करून कोणी देऊ शकतं हे मला खरंच माहीत नव्हतं.

आई वाटीतला भात चिवडत बसली होती. मग शेफनं एक चकती काढली, पाठीवर निळसर चंदेरी, आणि आई एकदम पुढे वाकली. "अरे, हो बांगडो मरे!"

शेफ म्हणाला, सबा. जपानी बांगडा. आपला बांगडा आणि तो, एकाच कुळातले, चुलत भावंडं म्हणा. आईनं तिच्या हिंदीत विचारलं, "पयले नमक लगाया क्या?" त्यानं हातातली सुरी खाली ठेवली. हो आंटी, आधी मीठ, पाणी सुटू द्यायचं, मग व्हिनेगर. आई माझ्याकडे वळून म्हणाली, बघ, आपल्या शेजारची बाय पऱ्यासाठी, म्हणजे सुक्या माशाच्या लोणच्यासाठी, सुके बांगडे माडाच्या व्हिनेगरात घालते ना, त्याचंच हे भावंड. आमच्या घरी आंबटाला सोलं, तिच्याकडे व्हिनेगर, पण भिंतीवरून बरणी इकडे आली नाही असा एक पावसाळा मला आठवत नाही.

आणि आईनं ती निगिरी सरळ हातानं उचलली. भाची चॉपस्टिक पुढे करत होती, तर शेफच म्हणाला, हातानंच खातात, आंटी बरोबर आहेत. मग तिनं आणखी दोन मागून घेतल्या.

मंडळी, त्या चॉपस्टिकवरून आठवलं, आजकाल लग्नात जेवणावळी गेल्या आणि बुफे आला, हातात ताट धरून उभ्यानं जेवायचं, हे मला अजिबात पटत नाही. बसून, हातानं जेवलं की अन्न कळतं. असो.

आता सुशीकडे परत येतो, सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे, सुशी म्हणजे भात. मुळात मासा टिकावा म्हणून तो मीठ लावून भातात आंबवत, आणि खाताना भात टाकून देत. ताज्या भाताची, हातानं वळलेली निगिरी एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, 1820च्या दशकात रस्त्यावरच्या गाड्यांवर चालू झाली. भातात तांदळाचं व्हिनेगर, साखर, मीठ. सोया सॉस माशाच्या बाजूला लावायचा, भाताला नाही, नाहीतर घास सुटतो. आलं मधेमधे खायचं, तोंड स्वच्छ करायला. बास, एवढंच लक्षात ठेवा.

आणि एक कळकळीनं सांगतो, घरी बाजारातला बांगडा आणून हे करू नका. मीठ-व्हिनेगरानं माशातले किडे मरत नाहीत, ते मरतात थंडीनं. अशा माशाला उणे 20 अंशांवर 7 दिवस ठेवण्याचा नियम आहे. घरच्या फ्रीजच्या भरवशावर तर मुळीच नको.

आई तर कच्चं करणारच नाही. एक ऑगस्टला ट्रॉलर निघतील, तिनं आत्ताच सांगून ठेवलंय, पहिला बांगडा आला की मीठ लावून अर्धा तास ठेवायचा, सुटलेलं पाणी टाकायचं, मग हळद-तिखट, रवा, आणि तव्यावर. आणि भात गार होऊ द्यायचा नाही, सगळ्यांनी आधीच पाटावर येऊन बसायचं.