दारणेच्या फुगवट्यासाठी जुनी होडी

(दृश्य : दारणा धरणाचा फुगवटा, सकाळ. थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसलेला माणूस हाताने पाणी मारत जाळं सोडतोय.)

नाशिक जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी उदंड आहे. गंगापूर, दारणा, मुकणे, भावली, अपर वैतरणा, वर कळवणकडे चणकापूर, नांदगावच्या अंगाला गिरणा. या धरणांच्या फुगवट्यावर रोहू, कटला, मृगळ, तिलापिया धरून पोट भरणारी माणसं आहेत. त्यांतले कितीतरी जण आजही असेच पाण्यात उतरतात. खाली थर्माकोल, त्यावर गोणपाट, मांडीवर तंगुसाचं जाळं. कुणाकडे थर्माकोलऐवजी ट्रकची ट्यूब. दारणा धरण १९१६ सालचं. धरणाने शंभरी ओलांडली तरी त्यावरचं मासेमारीचं साधन हे असं आहे. मे महिन्यात दुपारनंतर वारा सुटला की या ठोकळ्यावरच्या माणसाला जाळं सोडून काठ गाठावा लागतो, आणि दर वेळी तो गाठता येतोच असं नाही.

पडद्यावर दिसताहेत ते मामा-भाचे याच फुगवट्यावर मासेमारी करतात. यंदा त्यांनी ठरवलंय, थर्माकोल पुरे झालं, फायबरची होडी घ्यायची. नवी परवडत नाही, म्हणून जुनी. आणि जुन्या होड्यांचा बाजार नाशकात नाही, तो आहे घाटाखाली, पालघरच्या किनाऱ्यावर.

एक गोष्ट आधीच सांगून टाकू, कारण हा व्हिडिओ बघून कुणी थेट होडी घेऊन धरणावर जाईल. धरणातल्या मासेमारीचा ठेका असतो. मत्स्यव्यवसाय विभाग तो बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांना देतो आणि मासे धरायचा हक्क संस्थेच्या सभासदांचा असतो. नांदूरमध्यमेश्वरसारख्या अभयारण्यात तर विचारायलाही जाऊ नका. मामा-भाचे संस्थेचे सभासद आहेत, त्यामुळे त्यांचा पहिला प्रश्न सुटलेला आहे. उरला प्रश्न होडीचा.

(दृश्य : भिंतीवरचं कालनिर्णय. मामांचं बोट अमावास्येवर.)

जुनी होडी बघायला जायचं तर वार नाही, तिथी बघायची. किनाऱ्यावरचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अमावास्या म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. भरती सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी त्याच्या सहा तास आधी, पहाटे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला या किनाऱ्यावर पाणी चार-पाच मीटरपर्यंत चढतं-उतरतं. पहाटे खाडीतल्या होड्या चिखलावर टेकलेल्या असतात, तेव्हा तळ बघायचा. दुपारी त्याच होड्या तरंगतात, तेव्हा पाण्यात चालवून बघायच्या. एका दिवसात दोन्ही कामं. अष्टमीला गेलात तर ओहोटी भर दुपारी आणि होडी पाण्यात येईतो संध्याकाळ.

महिनाही महत्त्वाचा. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मेअखेरीस होड्या वर ओढतात आणि शाकारतात, म्हणजे पावसासाठी झाकून ठेवतात. शाकारलेली होडी कोरडी असते, तळ उघडा असतो, मालकालाही पावसाळ्यापूर्वी पैसे हवे असतात, त्यामुळे भाव उतरतो. पण ती पाण्यात टाकून दाखवायला कुणी तयार होत नाही. आमच्या मते मेचा दुसरा-तिसरा आठवडा सगळ्यात बरा. होडी अजून पाण्यात असते आणि मालक विकायच्या मनाला आलेला असतो.

मामा-भाचे रात्री एकच्या सुमारास निघाले. त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर. उजाडता उजाडता बंदरावर.

(दृश्य : चिखलात टेकलेल्या होड्या. त्यांतली एक निळीशार, ताज्या रंगाची.)

पहिली होडी बघताच भाचा खूश झाला. नुकताच रंग मारलेली, नाळेवर म्हणजे पुढच्या टोकावर देवीचं नाव, आत एक ओरखडा नाही. मामांनी रंगाकडे बघितलंही नाही. ते सरळ मागे गेले.

मागे इंजिन टांगतात ती उभी फळी, ट्रान्सम. फायबरच्या लहान होडीचा जीव या फळीत असतो. बाहेरून ती फायबरची दिसते, पण आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. इंजिन कसायला त्यात बोल्ट मारतात, आणि बोल्टच्या भोकातून वर्षानुवर्षं पाणी आत झिरपत राहतं. फायबर कुजत नाही, प्लायवूड कुजतं. बाहेरून काही कळत नाही. आतून फळीचा भुसा झालेला असतो आणि एखाद्या दिवशी इंजिन फळीसकट खाली लटकतं.

मामांनी बंद इंजिनाचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि वर-खाली हलवला. नजर इंजिनावर नाही, फळी आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर. तिथे केसाएवढी भेग उघडली आणि मिटली. मग त्यांनी मालकाला विचारलं, "नाखवा, एक स्क्रू काढून बघू का? परत लावून देतो."

नाखव्यांनी मान हलवली. स्क्रू निघाला आणि त्याच्यामागून तांबडंकाळं पाणी ओघळलं. स्क्रूच्या आट्यांत अडकलेलं लाकूड काळं, ओलं, बोटांनी चुरगळावं असं.

नाखव्यांचंही कौतुक करायला हवं. ते म्हणाले, "फळी बदलायला झालीय, म्हणूनच काढतोय." भावात उतरायलाही तयार होते. फळी बदलता येते, त्यात अशक्य काही नाही. पण त्यासाठी मागची बाजू कापायची, सडकं प्लायवूड खरवडून काढायचं, नवं बसवून वर फायबरचे थर चढवायचे. सातपूर-अंबडला फायबरचं काम करणारे कारखाने आहेत, पण पाण्याच्या टाक्या आणि शेड करणं वेगळं, आणि इंजिनाचा हिसका सोसणारी फळी बांधणं वेगळं. मामांनी हात जोडले आणि पुढे निघाले.

(दृश्य : दुसरी होडी. रंग उडालेला, काठाला घासल्याच्या खुणा. एका कुशीवर कललेली.)

दुसरी होडी दिसायला अगदीच गरीब. काठावर जाळं ओढून ओढून पडलेल्या चऱ्या, जागोजागी ठिगळं. पण स्क्रूमागून निघालं ते पिवळसर, कोरडं लाकूड.

आता तळ. चिखलात एका कुशीवर बसलेली होडी अर्धीच दिसते, आणि बघणारे बहुतेक जण तेवढीच बघून समाधान मानतात. मामांनी चार जण गोळा केले आणि होडी दुसऱ्या कुशीवर कलवली. त्या बाजूला तळाच्या कण्याजवळ वीतभर लांबीचं जुनं ठिगळ निघालं. मग बाजारात मडकं वाजवून घेतात तसं ते स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने तळ वाजवत पुढून मागे गेले. टण, टण, टण. ठिगळावरही टण. एका ठिकाणी आवाज बसला, भद्द आला. तिथे फायबरचे थर एकमेकांपासून सुटलेत. तळहाताएवढी जागा, खडूने वर्तुळ केलं. ही दुरुस्त होणारी गोष्ट आहे, आणि भाव करताना बोलायचीही.

पाण्याखालच्या भागावर काही फोडही होते, वाटाण्याएवढे. वर्षभर पाण्यात राहणाऱ्या फायबरला ते येतात. बाहेरच्या गुळगुळीत थरातून पाणी हळूहळू आत शिरतं आणि तिथे अडकतं. एक फोड खिळ्याने टोचला तर थेंबभर पाणी आलं, वास व्हिनेगरसारखा आंबूस. दहा-वीस फोड असतील तर घाबरायचं कारण नाही. खरवडायचे, होडी महिनाभर उन्हात सुकवायची, मग भरायचे. तळभर पुरळ असेल तर मात्र घरी जायचं.

यानंतर मामांनी जे केलं ते कुठल्या पुस्तकात नसेल. तळाच्या दुहेरी भागातली झाकणं काढली, आत थोडं पाणी होतं. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट निघालं असतं तर समुद्राचं, म्हणजे तळ कुठेतरी गळतोय. ते गोडं होतं. नाखवा हसले, "परवा होडी धुतली, त्याचं."

(दृश्य : भरती. होडी तरंगते. भाचा आत बसलेला, मामा काठावरून बघताहेत.)

बाराच्या सुमारास होडी पाण्यावर आली. आतलं पाणी फडक्याने टिपून कोरडं केलं, पाच माणसं बसवली आणि अर्धा तास नुसती उभी ठेवली. तळ कोरडा राहिला.

मग इंजिन. किनाऱ्यावर त्याला ओबीएम म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचं, हे इथलं नेहमीचं. तिसऱ्या ओढीला ते सुरू झालं, मागून थंड करणाऱ्या पाण्याची बारीक धारही नीट पडली. भाच्याच्या दृष्टीने व्यवहार झालाच होता. मामांनी इंजिन बंद करायला लावलं, पायाच्या खालचा गिअर ऑइलचा स्क्रू सैल केला आणि बोटावर तेल घेतलं. दुधाळ. म्हणजे पंख्याच्या दांड्याचं सील गेलंय आणि गिअरमध्ये पाणी शिरतंय.

आमचं मत विचाराल तर सील ठीक असतं तरी धरणासाठी होडी आणि इंजिन एकाच सौद्यात घेऊ नये. विकणारा जोडी म्हणून भाव सांगतो, आणि चालू इंजिनाचा आवाज ऐकला की घेणाऱ्याचं होडीवरचं लक्ष उडतं. शिवाय समुद्रावर चाललेल्या इंजिनाच्या आतल्या वाटांमध्ये मीठ बसलेलं असतं. ते नाशकात आणल्यावर उघडून साफ करणारा, सुटे भाग देणारा मिस्त्री शोधत फिरायचं. ट्रॅक्टरचं इंजिन डोळे झाकून खोलणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, ओबीएमवाले नाहीत. आणखी एक : समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरवर हवा विरळ असते, तेच इंजिन इथे पाच-सहा टक्के कमी जोर देतं.

होडीलाही पाणी बदलल्याचं कळतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून तीच होडी धरणात किंचित जास्त बुडते. माणसं-जाळ्यांसकट ५०० किलो भार धरला तर फरक १२ लिटर पाण्याचा, म्हणजे बोलण्यापुरताच. खरा फरक तळाच्या आकाराचा. लाटा कापायला बनवलेल्या होडीची नाळ खोल आणि तळ इंग्रजी व्हीसारखा. ती समुद्रात छान चालते, पण शांत पाण्यात काठावर उभं राहून जाळं ओढायला लागलं की कलते. दारणेवर मे महिन्यात पाणी मागे सरतं, मग होडी गाळातून फर्लांगभर ओढावी लागते. तिथे सपाट तळ आणि कमी वजन हवं. ही दुसरी होडी नेमकी तशी होती, खाडीत चालवायला बनवलेली. चार जणांनी उचलून बघितली, उचलली गेली. तरंगत राहावी म्हणून आत भरलेल्या फोमने पाणी प्यायलं असतं तर हललीही नसती.

निघण्यापूर्वी मामांनी ट्रान्समची उंची टेपने मोजली आणि वहीत लिहिली : २० इंच. पुढे घ्यायच्या इंजिनाचा पाय त्याच मापाचा लागणार. १५ इंची पायाचं आणलं तर पंखा पाण्याच्या वरच्या थरात नुसता हवा घुसळत राहील.

(दृश्य : बंदरावरचं चहाचं दुकान. टेबलावर कागद.)

कागद फार वेळ घेत नाहीत, पण लागेल तेवढा घेऊ द्यावा. समुद्रातल्या होडीची नोंदणी असते, नाळेजवळ आयएनडी-एमएचपासून सुरू होणारा क्रमांक रंगवलेला असतो. कागदावरचा क्रमांक आणि होडीवरचा क्रमांक एकच आहे ना, मालकाचं नाव तेच आहे ना, संस्थेच्या किंवा बँकेच्या कर्जाचा बोजा अजून होडीवर नाही ना, हे बघायचं. कर्ज फिटलं असेल तर तसा दाखला. होडी समुद्र कायमचा सोडून निघालीय, म्हणून जुनी नोंद रद्द करायचा अर्ज तिथल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात नाखव्यांच्याच सहीने, त्याच दिवशी. हे मागाहून करू म्हटलं की ते होत नाही, कारण मग नाखवा तुम्हाला कशाला शोधत येतील? इसार दिला, पावती घेतली, बाकी रक्कम अर्जाची पोच हातात आल्यावर. धरणावर पुढे इंजिन लावायचं झालं तर २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू होऊ शकतो, त्याची चौकशी नाशिकच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात आधी करायची.

(दृश्य : सतरा फुटी ट्रक. होडीखाली भाताचा पेंढा, बाजूंना जुने टायर.)

होडी सोळा फुटी, म्हणून ट्रक सतरा फुटी. पिकअपमध्ये अर्धी बाहेर काढून आणणारे आहेत, पण जव्हार-मोखाड्याच्या वळणांवर ते धाडस नको. दोर काठावरून घट्ट आवळायचा नाही, नाहीतर फायबर दोराखालीच तडकतं. भार कण्यावर यायला हवा.

(दृश्य : इगतपुरी तालुका. अंगणात उलटी घातलेली होडी. भाचा तळावरचे वाळलेले शिंपले खरवडतोय.)

आता महिनाभर ती अशीच उलटी सुकेल, मग फोड भरतील, खडूचं वर्तुळ उघडून नवा थर चढेल. भाच्याचं लक्ष अजून मोबाइलवरच्या इंजिनांच्या फोटोंवर आहे. मामांनी मात्र घोटीच्या सुताराकडे वल्ह्यांची जोडी सांगून ठेवलीय.

"इंजिनाचं बघू दिवाळीनंतर," ते म्हणतात. "संस्थेचा हिशोब होऊ दे."