पुराचं पाणी घरातून काढताना: पंप लावण्याआधी आणि पंप बंद केल्यानंतर

नमस्कार. आधी एक हिशोब करू.

घर ५०० चौरस फुटांचं धरा. आत गुडघ्याएवढं, म्हणजे दीड फूट पाणी आहे. एका घनफुटात २८ लिटरच्या थोडं वर पाणी मावतं. म्हणजे घरात साधारण २१ हजार लिटर पाणी उभं आहे, १० हजारांचे दोन टँकर भरून वर उरेल इतकं. एक एचपीचा चांगला डीवॉटरिंग पंप, म्हणजे साचलेलं पाणी उपसायचा पंप, पाइप फार उंच चढवायचा नसेल, तर मिनिटाला दोनशे-अडीचशे लिटर पाणी फेकतो. दीड-पावणेदोन तासांत घर रिकामं.

आणि त्याच घराची नऊ इंची विटांची भिंत? ती आतपर्यंत भिजली असेल, तर वाळायला चार-पाच महिने घेते. दर महिन्याला प्रत्येक बाजूने साधारण एक इंच, असा बांधकामातला ठोकताळा आहे.

पंपाचं काम तासांचं आणि घराचं काम महिन्यांचं, हे एकदा लक्षात आलं की पूर ओसरल्यावर होणारी बरीच घाई थांबते. जो माणूस हे काम व्यवसाय म्हणून करतो, त्याच्याकडून पंपापेक्षा मला क्रम शिकावासा वाटतो. काय आधी, काय नंतर, आणि कुठे थांबायचं.

सुरुवात बाहेरच्या पाण्यापासून. सांगली-कोल्हापूरचा पूर आणि चिपळूणचा पूर वेगळे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर. ही सपाट, पसरट खोरी. पाणी सावकाश चढतं, सावकाश उतरतं, कित्येक दिवस घरात बसून राहतं. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी काही तासांत बाजारपेठेत शिरलं. तिथे भरतीचाही हिशोब असतो. खाडीला भरती असेल तर नदीचं पाणी पुढे सरकत नाही, ओहोटीला झपाट्याने उतरतं.

याचा पंपाशी काय संबंध? बाहेरची पातळी घरातल्या फरशीच्या वर असेल, तर तुम्ही घर उपसत नाही, नदी उपसताय. पाणी दाराच्या फटीतून, न्हाणीच्या जाळीतून, संडासाच्या भांड्यातून, फरशीच्या सांध्यातून परत येतं. डिझेल जळतं, पातळी हलत नाही. म्हणून जाणकार माणूस आधी भिंतीवर खडूने एक रेघ मारतो. अर्धा तास पंप चालवतो, बंद करतो आणि बघतो. पाणी रेघेकडे परत चढायला लागलं तर वेळ झालेली नाही. न्हाणीच्या आणि संडासाच्या तोंडावर वाळूची पोती दाबायची आणि थांबायचं.

आता वीज. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

मेन स्विच बंद केला की घर सुरक्षित, असं आपण धरून चालतो. पण इन्व्हर्टर? महावितरणचा पुरवठा तुटला की तो आपोआप सुरू होतो आणि घरातल्या बोर्डांना वीज देत राहतो. छतावर सोलर असेल तर ऊन पडलं की पॅनेलपासून खाली येणाऱ्या वायरींमध्ये वीज असतेच. म्हणून मेन, इन्व्हर्टर आणि सोलर, तिन्ही बंद. आणि स्विचबोर्डाकडे जायला पाण्यातून जावं लागत असेल तर जायचं नाही. वायरमनला सांगून खांबावरून पुरवठा तोडून घ्यायचा. २५ जुलै २०२४ ला पुण्यात, डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत, हातगाडी पाण्यातून हलवताना तीन तरुण विजेच्या धक्क्याने गेले. चार वस्तू वाचवायला निघालेले तरणेताठे लोक होते. तुमचा फ्रीज, तुमचा टीव्ही, काहीही त्या मोलाचं नाही.

पंपाला वीज कुठून घ्यायची? त्या घरातून नाही. एक तर बाहेर कोरड्या जागी जनरेटर, नाहीतर डिझेल पंप. आणि इथे दुसरा धोका आहे, जो दिसत नाही. पेट्रोल-डिझेलचं इंजिन घरात, जिन्याखाली किंवा बंद पडवीत चालवलं की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, झोप आल्यासारखं वाटतं, आणि माणूस तिथेच कोसळतो. इंजिन कायम बाहेर, उघड्यावर, खिडकी-दरवाजापासून लांब. आत फक्त पाइप.

[स्क्रीनवर: तीन पंप शेजारी शेजारी]

पंप कुठला? घरात टाकीत पाणी चढवायला असतो तो अर्ध्या एचपीचा मोनोब्लॉक स्वच्छ पाण्यासाठी बनलेला असतो. गाळाच्या पाण्यात त्याचा फूट व्हॉल्व्ह (ओढायच्या पाइपच्या टोकाची झडप) तुंबतो, इंपेलर (आत फिरणारं चाक) अडकतो, सील जातं. गाळासाठी मड पंप किंवा डीवॉटरिंगचा सबमर्सिबल लागतो. बाहेर ठेवलेला पंप पाणी ओढतो, आणि ओढण्याला निसर्गाचीच मर्यादा आहे. हवेचा दाब पाण्याला फार तर १० मीटर उचलतो, प्रत्यक्षात सहा-सात मीटरवर पंप धापा टाकतो. सबमर्सिबल पाण्यात बसून वर ढकलतो, म्हणून खोल तळघरात तोच. तो थेट गाळात सोडायचा नाही. भोकांच्या प्लास्टिक क्रेटमध्ये ठेवून सोडायचा, म्हणजे पिशव्या आणि चिंध्या बाहेर अडतात. पाइपचं दुसरं टोक कुठे सोडणार, हे शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्या. शेवटचं इंचभर पाणी पंप उचलत नाही, ते वायपरने आणि पाणी ओढणाऱ्या वेट व्हॅक्यूमने.

पंप सुरू करण्याआधी मोबाइलने फोटो काढा. प्रत्येक खोली, भिंतीवरची पाण्याची रेघ, बुडालेलं सामान. तलाठ्याचा पंचनामा असो की विम्याचा सर्व्हेअर, साफ केलेलं घर बघून कोणाला काही कळत नाही.

आता तळघर. पुण्या-मुंबईत नव्या सोसायट्यांचं पार्किंग जमिनीखाली असतं. पाणी भरलं की सगळ्या सभासदांचा आग्रह एकच, आज रात्री रिकामं करा, गाड्या काढू. इथे घाई खरोखर घात करते.

समजा तळघरात दोन मीटर पाणी आहे आणि बाहेरची मातीही तेवढीच पाण्याने भरलेली आहे. आतलं पाणी बाहेरच्या पाण्याला तोलून धरतंय. तुम्ही आतलं सगळं काढलंत की भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर फक्त पाण्याचा दोन टनांचा रेटा येतो. भिजलेल्या मातीचा वेगळा. आणि तळाच्या स्लॅबला खालून दर चौरस मीटरला दोन टन वर उचलायला बघतात. भक्कम, त्यासाठीच बांधलेली इमारत हे सोसते. जुनी, कमी सळईची भिंत आत वाकते, तळ उकलतो. म्हणून बाहेरचं पाणी जमिनीवरून हटल्यावरच सुरुवात करायची. दोन फूट उतरवायचं, रेघ मारायची, रात्रभर थांबायचं. सकाळी पाणी परत वर आलं असेल तर जमीन अजून भरलेली आहे. स्थिर असेल तर पुढचे दोन फूट. बुडालेल्या गाड्यांचं पेट्रोल आणि ऑइल पाण्यावर तरंगत असतं, त्यामुळे तिथे विडी-काडी नको, साधा दिवाही नको.

हाच नियम सेप्टिक टँकला. भोवतीची जमीन पाण्याने भरलेली असताना टाकी रिकामी केली, तर हलकी टाकी वर उचलली जाते, तडकते. मैला उपसणाऱ्या गाडीला थोडे दिवस थांबवा.

गाळ. आता या गाळाबद्दल पूरभागातली माणसं जे जाणतात, ते कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा मोलाचं आहे. पाणी उतरत असताना घरात उतरायचं, खराटा आणि वायपर घेऊन तळ ढवळायचा, आणि गाळ त्याच उतरत्या पाण्याबरोबर दाराबाहेर ढकलायचा. घोटाभर पाणी उरलेलं असताना जो गाळ खराट्याने जातो, तो दोन दिवसांनी फावड्याने खरवडावा लागतो, आणि धुवायला तेव्हा नळाला पाणी नसतं. चांगला ठेकेदारही हेच करतो. पंप पूर्ण चालवून कोरडा गाळ मागे ठेवत नाही. पाणी आणि गाळ एकत्र काढतो. तुमच्याकडे येणाऱ्या माणसाला हा एक प्रश्न जरूर विचारा: गाळ तुमच्या दरात धरलाय का?

मात्र आत उतरण्याआधी बाहेरून भिंतींकडे बघा. मातीच्या चिखलात रचलेली जुनी घरं पाणी असताना उभी राहतात आणि पाणी उतरल्यावर पडतात, कारण भिजून मऊ झालेल्या भिंतीचा आधार निघून गेलेला असतो. भिंतीने पोट काढलंय, चौकट तिरकी झालीय, दार अडकतंय, अशा घरात कोणीही जाऊ नये. अशा भिंतींवर जोराच्या फवाऱ्याचं मशीनही मारू नये.

पायात गमबूट, हातात रबरी हातमोजे. साप अडगळीत, ओल्या गाद्यांखाली बसलेले असतात, म्हणून आधी काठीने हलवायचं. आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा आजार. उंदीर, कुत्री, गुरं यांच्या मूत्रातून त्याचा जंतू पाण्यात येतो आणि पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतो. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोचे रुग्ण वाढले. पाण्यात काम केलं असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. प्रतिबंधासाठी ते डॉक्सीसायक्लिन देतात, पण गरोदर बायका आणि लहान मुलांसाठी वेगळा विचार करावा लागतो, म्हणून गोळी मनाने घेऊ नका. ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी दवाखाना.

फरशी धुताना ब्लीचिंग पावडर आणि संडासाचं ॲसिड एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद न्हाणीत तो फुप्फुसं भाजतो. जमिनीखालची पाण्याची टाकी पूर्ण उपसून, घासून, मग भरा. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर, आणि वापरण्याआधी किमान तासभर थांबा.

[स्क्रीनवर: भिंतीवरची पाण्याची रेघ आणि तिच्या वर चढलेली ओल]

आता वाळवणं, जे बहुतेक ठिकाणी होतच नाही. पंपवाला पैसे घेऊन गेला, फरशी पुसली, घर कोरडं दिसतं. पण वीट आणि जांभा पाणी वर ओढतात. रेघ दोन फुटांवर असली तरी ओल तीन-चार फुटांपर्यंत चढते. दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. आधी दिसत नाही अशा जागी: स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांच्या मागे, बॉक्सच्या पलंगाखाली, भिंतीला टेकलेल्या कपाटाच्या पाठीला. म्हणून सगळं सामान भिंतीपासून हातभर पुढे ओढा, ट्रॉल्यांच्या खालच्या पट्ट्या काढा. फुगलेला पार्टिकल बोर्ड वाळून पूर्वीसारखा होत नाही, तो बाहेर काढा. तेलाचा किंवा प्लास्टिकचा रंग असेल तर ओल्या भागावरचा खरवडून टाका, भिंतीला श्वास घेऊ द्या.

खिडक्या उघड्या ठेवायच्या का? उघडीप असेल, वारा सुटला असेल, तर हो. पण जुलैत कोकणातली हवा स्वतःच पाण्याने भरलेली असते. अशा दिवशी खिडकी उघडून भिंत वाळत नाही. व्यावसायिक लोक तेव्हा उलट करतात: दारं-खिडक्या बंद, आत डीह्युमिडिफायर आणि भिंतीवर वारा मारणारे पंखे. हवेतलं पाणी यंत्राच्या टाकीत जमतं, हवा कोरडी होते, मग भिंत तिला पाणी देते. हे यंत्र विकत घ्यायची गरज नाही, भाड्याने मिळत असेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्या. अर्थात वीज पूर्ववत झाल्यावर, आणि वायरमनने भिजलेले बोर्ड उघडून तपासल्यावरच.

ठेकेदार म्हणाला की भिंत वाळली, तर मॉइश्चर मीटर, म्हणजे ओल मोजायचं यंत्र, लावून दाखवायला सांगा. नुसता आकडा बघू नका. पाणी न पोचलेल्या वरच्या भिंतीचा आकडा आणि खालच्या भिंतीचा आकडा शेजारी ठेवा. दोन्ही जुळले की वाळली.

राहिला रंग. चिपळूणला पूर आला २२ जुलैला, आणि त्या वर्षी गणपती बसले १० सप्टेंबरला. मध्ये पन्नास दिवस. गणपती येणार आणि भिंतीवर पुराची रेघ दिसणार, हे कोणाच्याच मनाला पटत नाही, त्यामुळे त्या पन्नास दिवसांत घरोघरी रंग लागतो. ओल्या भिंतीवर प्लास्टिक इमल्शन मारलं की आतलं पाणी कोंडतं, दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात, लोणा (भिंतीतला पांढरा खार) फुटतो, खर्च दुप्पट होतो. पण म्हणून रेघ तशीच ठेवा असं मी सांगणार नाही. गणपतीला भिंतीला चुन्याचा हात द्या. चुन्यातून भिंत वाळत राहते, घर उजळ दिसतं, आणि खर्चही कमी. इमल्शन उन्हाळ्यात, मीटरचे दोन आकडे जुळल्यावर.