किल्ला, झरा आणि पिंपात मुरणारी वर्षं

मंडळी, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, फ्रँकफर्ट या राजधानीपासून जवळच, ग्लेन्स क्रीक नावाचा ओढा आहे. त्याच्या काठी चुनखडीच्या दगडाचा, बुरुजांचा किल्ला उभा आहे. कर्नल एडमंड हेन्स टेलर यांनी १८८७ मध्ये तो बांधला आणि आत बर्बनची, म्हणजे मुख्यतः मक्यापासून होणाऱ्या अमेरिकी व्हिस्कीची, भट्टी लावली.

भट्टीला बुरूज कशाला? तेव्हाचा बाजार बघा. साधा मद्यार्क घ्यायचा, त्यात रंग मिसळायचा, कुणी तंबाखूही घालायचं, आणि जुनी मुरलेली व्हिस्की म्हणून तो गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचा. टेलरना याची मनस्वी चीड होती. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही, लोकांनी येऊन बघावं, म्हणून त्यांनी बाग फुलवली, आवारात रेल्वे स्टेशन उभारलं. पुढे वित्तमंत्री जॉन कार्लाइल यांच्या साथीनं त्यांनी १८९७ चा 'बॉटल्ड इन बाँड' कायदा घडवून आणला. एकाच भट्टीचा, एकाच हंगामातला माल, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान ४ वर्षं मुरलेला आणि बाटलीत मद्यार्क ५० टक्के. अमेरिकेत अन्न आणि औषधांच्या शुद्धतेचा कायदा आला १९०६ मध्ये. व्हिस्की पिणाऱ्याला हे संरक्षण त्याच्या ९ वर्षं आधीच मिळालं होतं!

माझा जीव मात्र तिथल्या झऱ्यात अडकलाय. खांबांवर पेललेलं छप्पर, खाली दगडात बांधलेलं कुंड, आणि कुंडाचा आकार कुलपाच्या भोकासारखा. चुनखडीतून झिरपताना पाण्यातलं लोह मागे राहतं आणि कॅल्शियम मिसळतं. लोह राहिलं तर व्हिस्की काळवंडते. केंटकीत बर्बन रुजली त्याचं एक मोठं कारण हे पाणी.

१९२० मध्ये देशभर दारूबंदी आली. १९२३ मध्ये टेलर गेले. बंदी उठल्यावर भट्टी एका बड्या कंपनीकडे गेली, आणि १९७२ मध्ये ती थंड झाली ती कायमचीच, असं सगळ्यांनी धरलं. भिंतींवर वेली चढल्या, छपरं कोसळली.

२०१४ मध्ये विल आर्विन आणि वेस मरी यांनी हे अवशेष विकत घेतले. भट्टीचं 'ओल्ड टेलर' हे जुनं नाव तोवर दुसऱ्याच कंपनीचं झालं होतं. हाती आला किल्ला आणि ते कुंड. त्यावरूनच नवं नाव पडलं, 'कॅसल अँड की'. भट्टीची सूत्रं त्यांनी केमिकल इंजिनिअर मारियान बार्न्स यांच्या हाती दिली. दारूबंदीनंतर केंटकीत मास्टर डिस्टिलर, म्हणजे भट्टीची मुख्य जाणकार, झालेली ही पहिली स्त्री.

खरी कसोटी पुढे होती. बर्बनमध्ये निम्म्याहून जास्त मका लागतो, तो मिळतो. ओकचं पिंप नवंच लागतं, आतून जाळलेलं. जास्त जाळलं तर लाकूड मगरीच्या पाठीसारखं तडकतं. पिंपंही पैसे टाकून मिळतात. मुरण्याचा काळ कुठून आणणार? तोवर जिन आणि व्होडका विकली, दुसऱ्यांसाठी माल गाळून दिला, २०१८ मध्ये पाहुण्यांसाठी दारं उघडली. गोदामातली पिंपं मात्र कुणी घाईनं फोडली नाहीत, याचं मला फार कौतुक वाटतं. त्यांची स्वतःची पहिली बर्बन २०२२ मध्ये बाजारात आली. बाटलीवर टेलरांचं नाव नव्हतं.