‘लागोम’च्या शेवटचा ‘ओम’

(दृश्य : स्वयंपाकघराची खिडकी, कपात ओतली जाणारी कॉफी)

स्वीडनमध्ये कुणाकडे कॉफीला बसलात, तर हा शब्द कानावर पडायला वेळ लागत नाही. लागोम. कॉफी लागोम गरम, कप लागोम मोठा. बेताचा, हवा तेवढाच. ‘लागोम एर बेस्त’, बेताचं तेच उत्तम, अशी तिथली म्हणच आहे.

या शब्दाची एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. व्हायकिंग शेकोटीभोवती बसलेत. मद्याचं एकच शिंग हातोहात फिरतंय. शेवटच्यालाही घोटभर मिळावं म्हणून प्रत्येक जण बेताने पितोय. ‘लागेत ओम’, म्हणजे साऱ्या जथ्यातून, यावरून लागोम.

गोष्ट गोड आहे, पण खरी नाही. शब्दाच्या शेवटचा ‘ओम’ हा एक जुना विभक्तिप्रत्यय आहे, चतुर्थीच्या अनेकवचनाचा. स्वीडिशमधून ती विभक्ती गेली. प्रत्यय मात्र मोजक्या शब्दांना चिकटून राहिला. ‘कधीकधी’ या अर्थाचा ‘स्टुंडोम’ त्यातलाच. आपल्या ‘घरी’, ‘दारी’मधला ‘ई’ पाहा. जुन्या शब्दांत तो टिकलाय, पण ‘टेबली’ कुणी म्हणत नाही. स्वीडिश विशेषणं एरवी नामाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतात. लागोम बदलत नाही. या गोठलेल्या प्रत्ययाची ती खूण.

उरला ‘लाग’. त्याचा अर्थ कायदा, रीत. मुळात, घालून दिलेलं. म्हणजे लागोम झालं ‘रीतीप्रमाणे’.

(दृश्य : मोकळं मैदान, गोलाकार उभे दगड)

13व्या शतकात स्वीडनचे प्रांतिक कायदे लिहून काढायला सुरुवात झाली. त्याआधी ते लोकांच्या तोंडी होते. ‘टिंग’ नावाच्या सभेत ‘लागमान’ ते सर्वांसमोर म्हणून दाखवायचा. आजही तिथल्या जिल्हा न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशाला लागमानच म्हणतात. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन, वसाहतकऱ्यांबरोबर हा ‘लाग’ समुद्रापार इंग्लंडातही पोहोचला. इंग्रजीतला ‘लॉ’ तो हाच.

मला शिंगाच्या गोष्टीपेक्षा हे मूळ जास्त भावतं. किती म्हणजे पुरेसं, हे त्यात चारचौघांच्या रीतीवर ठरतं.

स्वीडिश लोक आपल्या देशाला ‘लांदेत लागोम’ म्हणतात, लागोमचा देश. कधी कौतुकाने, कधी वैतागून. जरा वेगळं वागलं की याच चारचौघांच्या नजरा वळतात, ही तक्रारही त्यात असते.