तिसरं पुस्तक खोक्यात का?

मंडळी, पलीकडे वडे गार होताहेत, पण दहा मिनिटं द्या.

मागच्या रविवारी आपल्या वाचनालयाच्या टेबलापाशी एका चौदा वर्षांच्या मुलीनं जुन्या इंग्रजी कादंबरीचं नवं रूपांतर चाळत विचारलं, "म्हणजे हीथक्लिफ आपल्यातला होता?" तिचे बाबा तिथल्या तिथे म्हणाले, "आधी मूळ पुस्तक वाच. हल्ली कुणालाही काहीही करतात."

तेच मूळ पुस्तक बाबांनीही पुन्हा उघडावं. 'वदरिंग हाइट्स', १८४७. चौथ्या प्रकरणात घरमालक अर्नशॉ बेवारस हीथक्लिफला लिव्हरपूलच्या रस्त्यावरून घरी आणतो. सहाव्यात शेजारच्या लिंटनला वाटतं, हा लस्कराचा पोर असेल, नाहीतर अमेरिकेचा किंवा स्पेनचा कुणी टाकून दिलेला. सातव्यात घरची मोलकरीण नेली त्याची समजूत काढते: तुझा बाप चीनचा बादशहा आणि आई हिंदुस्थानची राणी नसेल कशावरून? शंका लेखिकेनंच पेरून ठेवलेली. लस्कर म्हणजे गोऱ्यांच्या जहाजावरचा आपल्याकडचा खलाशी. पुढे आगबोटींच्या काळात रत्नागिरीकडची कितीतरी माणसं याच कामावर गेली. ताशा सुरी यांनी २०२२ मध्ये लिंटनचा तो एक शब्द धरला आणि हीथक्लिफला लस्कराचा मुलगा केलं.

आणि रूपांतराला नाकं मुरडणारे आपण कोण? शॉच्या नाटकातली लंडनची फुलवाली 'ती फुलराणी'त मराठी बोलली तेव्हा टाळ्या वाजवल्याच ना? "आधी शॉ वाचा" असं कुणी म्हणालं नाही. आपल्या गणेशोत्सवात तर राजाची मिशी दरवर्षी दुसऱ्या अंकात पडते. ती कुठल्याच संहितेत नाही.

रूपांतर फसतं ते नाव आणि कातडी बदलून बाकीचं घर तसंच ठेवलं की. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा सगळा पेच इस्टेटीचा. वारस पुरुषच हवा, म्हणून पाच मुली असून घर जाणार दूरच्या नात्यातल्या कॉलिन्सकडे. २०२४ च्या 'मोस्ट आर्डंटली'त दुसरी मुलगी ही मुलगी नाहीच. तो ऑलिव्हर, ट्रान्स मुलगा. लगेच प्रश्न उभा राहतो, मग वारस कोण? शिवाय त्याचं प्रेम पुरुषावर, आणि त्या काळच्या इंग्लंडात दोन पुरुषांच्या शरीरसंबंधाला फाशी होती. शेवटची दिली १८३५ मध्ये, शिक्षेतून फाशी गेली १८६१ मध्ये. २०१८ पर्यंत समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं आपलं ३७७ कलमही त्याच इंग्रजांचं होतं, १८६० च्या दंडसंहितेतलं. तेव्हा अशा गोष्टीत चिठ्ठी कोण पोचवतं, ती जाळली की जपली, कुठल्या नोकराला कळलं, हे सगळं नव्यानं रचावं लागतं. नुसतं 'ती'चं 'तो' करून भागत नाही.

कायद्याची अडचण म्हणाल, तर या दोन्ही कादंबऱ्यांचे हक्क कधीच संपलेत. 'द ग्रेट गॅट्सबी' १९२५ ची. अमेरिकेत ९५ वर्षं भरून १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली. त्याच वर्षी न्गी व्हो यांनी त्यातल्या जॉर्डन बेकरला व्हिएतनाममध्ये जन्मलेली दत्तक मुलगी केलं. तिचा जीव पुरुषांवर जडतो तसा बायकांवरही.

मंडळानं ही तिन्ही पुस्तकं मागवली. हीथक्लिफ टेबलावर दर्शनी उभा आहे. त्याच्याबरोबर फोटोही काढून झाले. जॉर्डन त्याच्या मागे आडवी. ऑलिव्हर मात्र अजून खोक्यात. "मुलं लहान आहेत," असं समितीत ठरलं. इथे बसलेल्यांपैकी एकानंही हरकत घेतली नाही, बोलणाऱ्यासकट.

त्या मुलीनं परवा निरोप धाडलाय: यादीत तीन पुस्तकं आहेत, टेबलावर दोनच का? तिला काय सांगायचं ते ठरलेलं नाही. ते पुस्तक तिला स्वतःला हवंय, की मागच्या रांगेत गप्प बसणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी ती विचारतेय, हेही आपल्याला ठाऊक नाही.